संतांच्या शेजारची माणसे

पंढरपूरच्या आग्नेयेस साधारण पंचवीस किलोमीटरवर, काळ्याभोर जमिनीच्या आणि शाळू ज्वारीच्या मुलखात मंगळवेढे वसले आहे. महाराष्ट्राच्या भक्तिपरंपरेत या गावाचे स्थान मोठे विलक्षण आहे. दामाजीपंत येथले, चोखोबा येथले आणि कान्होपात्राही येथलीच. एक बहामनी राजवटीचा अधिकारी, एक गावकुसाबाहेर राहणारा कष्टकरी आणि एक गणिकेची कन्या. तिघांच्या जन्मात आणि जीवनात कसलेही साम्य नाही. परंतु पंढरीच्या वाटेवर तिघेही एकाच ओळीत येऊन उभे राहतात.

आज आषाढी एकादशी. आजच्या पुण्यपर्वावर संतांचे स्मरण सर्वत्र होईल. घरोघरी संतपटही पाहिले जातील, कारण गेल्या नव्वद वर्षांत मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे संतांची जी मूर्ती उभी राहिली, ती पोथीइतकीच पडद्यानेही घडविली आहे. तुकोबा म्हटले की विष्णुपंत पागनीसांचा चेहरा आठवावा, ज्ञानोबा म्हटले की शाहू मोडकांचा, हे आता स्वाभाविक झाले आहे. परंतु या संतांच्या शेजारी, चौकटीच्या कडेला, जी माणसे उभी असतात त्यांचे काय? तुकोबांवर कडाडणारी जिजाई, त्यांचे अभंग चोरणारा सालोमालो, सखूला छळणारी सासू, निवाडा देणारे शास्त्री, टाळ धरून मागे उभे असलेले गावकरी, ही सारी मंडळी कोण होती? एका चित्रपटात दिसलेला चेहरा दुसऱ्या चित्रपटात पुन्हा का दिसतो? मंगळवेढ्याच्या संतांचे स्मरण करताना या प्रश्नाकडे वळण्यास एक कारण आहे. ते दामाजीपंतांच्या कथेत दडलेले आहे.

देवाने घेतलेली दुय्यम भूमिका

दामाजीपंतांची कथा महीपतींनी ‘भक्तविजया’त सांगितली आणि पुढे कीर्तनकारांनी ती घरोघरी पोहोचविली. भीषण दुष्काळ पडलेला. मंगळवेढ्याचे सरकारी कोठार धान्याने भरलेले आणि बाहेर माणसे अन्नान्न करीत मरत असलेली. दामाजीपंतांनी कोठाराची दारे उघडली आणि राजाचे धान्य रयतेला वाटून टाकले. हाताखालच्या अधिकाऱ्याने चुगली केली. बेदरच्या बादशहाने पंतांना पकडून आणण्यास शिपाई धाडले. आणि पंत वाटेत असतानाच दरबारात एक घोंगडी पांघरलेला, हाती काठी घेतलेला, गावकामगाराच्या वेशातला माणूस येऊन उभा राहिला. त्याने नाव सांगितले विठू महार. दामाजीपंतांचा निरोप्या म्हणून त्याने धान्याची सारी किंमत मोजून दिली, पावती घेतली आणि तो निघून गेला. ती पावती पुढे पंतांना आपल्या पोथीत सापडली, अशी श्रद्धा आहे.

या कथेचा नायक दामाजी आहे. देवाने मात्र तीत नायकाची भूमिका घेतली नाही. तो राजाच्या रूपाने आला नाही, ऋषीच्या रूपाने आला नाही. ज्याला दरबाराच्या पायरीवरही उभे राहू दिले जात नसे, त्याचे रूप त्याने घेतले. आला, आपले काम केले आणि नाहीसा झाला. कऱ्हाडच्या सखूच्या कथेतही हेच घडते. सखू पंढरीला जाते आणि देव तिच्या रूपाने तिच्या घरी दळण दळतो, पाणी भरतो, सासूचे बोल ऐकतो. जनाबाईच्या जात्यापाशी बसणारा आणि एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन कावड वाहणारा देवही तोच. वारकरी परंपरेला देवाचे जे रूप सर्वाधिक भावले, ते सिंहासनावरचे नव्हे. दुसऱ्याचे काम निमूटपणे करून जाणारे आहे.

दुय्यम भूमिकेचा असा गौरव ज्या परंपरेने केला, त्याच परंपरेतील कथा पडद्यावर आल्या तेव्हा त्यांतील दुय्यम भूमिका कोणी केल्या, हे विचारणे म्हणूनच अप्रस्तुत ठरू नये.

‘प्रभात’च्या पटांगणातील मंडळी

‘प्रभात फिल्म कंपनी’ची स्थापना १९२९ साली कोल्हापुरात झाली आणि १९३३ मध्ये ती पुण्यास आली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी हे तिचे संस्थापक. यांपैकी दामले आणि फत्तेलाल या जोडीने १९३६ साली ‘संत तुकाराम’ आणि १९४० साली ‘संत ज्ञानेश्वर’ दिग्दर्शित केले, तर १९४१ सालच्या ‘संत सखू’साठी राजा नेने यांचीही त्यांना साथ लाभली. दामले मुळात ध्वनिमुद्रणाचे जाणकार, फत्तेलाल मुळात चित्रकार आणि कलादिग्दर्शक. एकाचे कान आवाजावर, दुसऱ्याचे डोळे चेहऱ्यावर. पात्रे निवडताना या दोघांनी नावापेक्षा आवाज आणि चेहरा पाहिला असावा, असे हे चित्रपट पाहताना वारंवार वाटते.

येथे एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. त्या काळची चित्रपट कंपनी म्हणजे आजच्यासारखी एका चित्रपटापुरती जमलेली आणि काम संपताच पांगलेली मंडळी नव्हती. नाटक कंपनीचा बिऱ्हाडी संसारच जणू तेथे चालू राहिला होता. नट, गायक, सुतार, रंगारी, शिंपी, छायालेखक हे सारे कंपनीचे पगारी लोक. आज ज्याने शास्त्र्याचे काम करावे त्याने उद्या गावकरी व्हावे, ही तेथील रीत. त्यामुळे एका चित्रपटात भेटलेली मंडळी दुसऱ्या चित्रपटात पुन्हा भेटत. त्यांना एकमेकांच्या बोलण्याची लय ठाऊक असे, कोणी कोठे थांबेल आणि कोठे अडवील याची जाण असे. संतपटांत जे गाव दिसते ते खरे गाव वाटते, याचे एक मोठे कारण हेच आहे. ही माणसे खरोखरच एकमेकांच्या शेजारी राहत होती.

‘संत तुकाराम’च्या श्रेयनामावलीत पागनीसांच्या मागोमाग गौरी, भागवत, शंकर कुलकर्णी, कुसुम भागवत, पंडित दामले अशी नावे येतात. चार वर्षांनी ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये भागवत आणि पंडित दामले पुन्हा दिसतात. त्याच चित्रपटातील शांता मजुमदार पुढल्या वर्षी ‘संत सखू’त येतात आणि तेथे त्यांना गौरी आणि शंकर कुलकर्णी भेटतात. तीन संत, तीन शतके, तीन गावे. परंतु त्यांच्या भोवतालची माणसे पाहावीत तर ओळखीची. इतिहासाच्या दृष्टीने ही विसंगती असेल. भक्तीच्या दृष्टीने पाहिले तर मात्र तीत एक सत्य आहे. संत बदलतात, त्यांना छळणारे, त्यांच्यावर प्रेम करणारे, त्यांच्यापायी उपाशी राहणारे आणि त्यांना न ओळखणारे लोक प्रत्येक शतकात तेच असतात.

जिजाईचा राग, सासूचा राग

या साऱ्या मंडळींत पहिला मान गौरी यांचा. त्या काही नामवंत नटी नव्हत्या. ‘प्रभात’मध्ये लहानसहान कामे करीत त्या पुढे आल्या. रूढ अर्थाने रूपवान चेहरा त्यांच्यापाशी नव्हता. होता तो कष्टाने रापलेला चेहरा आणि शेतावरून हाक घालावी असा खणखणीत आवाज. दामले-फत्तेलालांनी त्यांना तुकोबांची जिजाई केले, आणि मराठी चित्रपटाला त्याची एक अमर स्त्री-व्यक्तिरेखा लाभली.

परंपरेने जिजाईला फारसा न्याय दिला नव्हता. कीर्तनांतून ती कजाग बाई म्हणूनच रंगविली जाई. संताच्या मार्गातील काटा, हीच तिची ओळख. गौरींनी या कजागपणाचे कारण दाखविले. पोरांच्या पोटात अन्न नाही आणि घरधनी मिळेल ते वाटून मोकळा होतो आहे, अशा घरात चूल पेटविणाऱ्या बाईने दुसरे काय करावे? आजारी मुलाचे बखोट एका हाताने धरून आणि दुसऱ्या हातात वहाण घेऊन ती विठ्ठलाच्या देवळात शिरते, तो प्रसंग आठवावा. देवावर वहाण उगारणारी ही बाई पाहताना धर्मभीरू प्रेक्षकालाही ती पापिणी वाटत नाही. तिची भांडणाची रीतही एक प्रकारची भक्तीच आहे, हे त्याला उमगते. देवाशी इतक्या हक्काने भांडायला देव आधी आपला वाटावा लागतो.

शेवटी तुकोबांसाठी विमान येते आणि ते वैकुंठाला जातात. जिजाई मात्र खालीच राहते. तिची पोरे, तिची चूल, तिची म्हैस खाली आहे. चित्रपटाचे नाव ‘संत तुकाराम’ असले तरी त्या क्षणी पाहणाऱ्याचे मन विमानाबरोबर वर जात असतानाच अंगणातल्या त्या बाईपाशी घुटमळते. पागनीसांचे तुकोबा इतके निर्मळ, इतके अलिप्त वाटतात, ते त्यांच्यासमोर इतकी खरी, इतकी संसारात रुतलेली जिजाई उभी आहे म्हणूनच. पाया भक्कम असल्यावाचून कळस उंच दिसत नाही.

पाच वर्षांनी त्याच गौरी ‘संत सखू’मध्ये हंसा वाडकर यांच्या सखूच्या सासू झाल्या. आवाज तोच, हाताची झेप तीच, कमरेवर हात ठेवून उभे राहण्याची तऱ्हाही तीच. प्रेक्षकाला आता या बाईविषयी माया वाटायला हवी होती, कारण जिजाई म्हणून त्याने तिला आपले म्हटले होते. पण तसे होत नाही. जिजाईच्या रागामागे भूक होती. या सासूच्या रागामागे सत्ता आहे. एकाच आवाजात या दोन रागांतील अंतर दाखविणे हे सोपे काम नव्हे. नायिकेला एका चित्रपटात एकच आयुष्य जगायचे असते. चरित्र-अभिनेत्रीला त्याच सामग्रीतून दर वेळी निराळे माणूस घडवावे लागते, आणि तेही आधीचे माणूस प्रेक्षकाच्या स्मरणात जिवंत असताना.

चोराचा सूर

भागवतांच्या सालोमालोची गोष्टही अशीच. हा सालोमालो तुकोबांचे अभंग आपल्या नावावर खपवतो, लोकांत कीर्ती मिरवतो आणि तुकोबांचा दु:स्वास करतो. या भूमिकेत खलनायकी थाटाची डरकाळी फोडणे सहज शक्य होते. भागवतांनी तसे केले नाही. त्यांचा सालोमालो हास्यास्पद आहे आणि म्हणूनच ओळखीचा आहे. संगीतकार केशवराव भोळे यांनी येथे एक मार्मिक योजना केली. तुकोबांच्या मुखी अभंग साध्या, भजनी वळणाने येतो. सालोमालोच्या मुखी तोच शब्द नाटकी ताना-मुरक्यांनी नटून येतो. शब्द चोरता आले, भाव चोरता आला नाही, हे संवादातून न सांगता केवळ गाण्याच्या रीतीने सांगितले गेले. यासाठी वाईट गाण्याचे सोंग उत्तम वठवू शकेल असा नट हवा होता. आपली फजिती व्हावी आणि शेजारच्याचे तेज वाढावे यासाठी अंगचे कौशल्य वेचणे हा चरित्र-अभिनेत्याचा स्वधर्म. भागवतांनी तो पाळला.

या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी रचलेले एक गीत इतके तुकोबांच्या वळणाचे उतरले की पुढे अनेकांनी ते खुद्द तुकोबांचाच अभंग मानले. कवीने स्वत:चे नाव पुसले जाईल इतके दुसऱ्याच्या वाणीत मिसळून जावे, हाही त्याच धर्माचा एक प्रकार. सालोमालोने दुसऱ्याचे शब्द आपल्या नावावर घातले. आठवल्यांचे शब्द आपोआप दुसऱ्याच्या नावावर गेले. एकाच चित्रपटाच्या आत आणि बाहेर घडलेल्या या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात अशा आहेत.

‘संत तुकाराम’ मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात एका वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ साली व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. पागनीस पूर्वी रंगभूमीवर स्त्री-भूमिका करीत. तुकोबांच्या भूमिकेनंतर मात्र लोक त्यांच्यात संतच पाहू लागले. पुढे ‘संत तुलसीदास’ आणि ‘नरसी भगत’ या हिंदी चित्रपटांतही त्यांनी संतांच्याच भूमिका केल्या. १९४३ साली ते निवर्तले. प्रेक्षक पागनीसांच्या पाया पडत. गौरींच्या आणि भागवतांच्या पाया पडावे असे कोणाच्या मनात येण्याचा प्रश्नच नव्हता. ज्याने सालोमालोचे काम चोख केले त्याच्या वाट्याला टवाळी यायची आणि जिने सासूचे काम चोख केले तिच्या वाट्याला शिव्याशाप यायचे. ती टवाळी आणि ते शिव्याशाप हीच त्यांच्या कामाची पावती. दामाजीपंतांच्या पोथीत सापडली तशी ती कोणाच्या हाती मात्र पडली नाही.

एक गोष्ट आवर्जून सांगावयास हवी. तुकोबांचा आणि ज्ञानोबांचा चित्रपट घडविणाऱ्या जोडीतले फत्तेलाल मुसलमान होते आणि ज्ञानदेवांची मूर्ती पडद्यावर साकारणारे शाहू मोडक ख्रिस्ती कुटुंबातले होते. आमच्या प्रेक्षकाने त्याची कधी चर्चा केली नाही, विचारपूसही केली नाही. वाळवंटात जसा खेळ मांडला जातो तसा तो पटांगणात मांडला गेला.

मंगळवेढ्याचे संत पडद्यावर

मंगळवेढ्याच्या संतांनाही चित्रपटसृष्टीने विन्मुख ठेवले नाही. दामाजीपंतांची कथा मूकपटांच्या काळातच पडद्यावर आली. कान्होपात्रेचे आख्यान आधी रंगभूमीवर गाजले. १९३१ साली ‘संत कान्होपात्रा’ हे नाटक आले आणि त्यातील नायिकेची भूमिका बालगंधर्वांनी केली. पुढे १९३७ मध्ये भालजी पेंढारकरांनी ‘कान्होपात्रा’ हा चित्रपट लिहिला आणि दिग्दर्शित केला. चोखोबांच्या जीवनावर राम गबाले यांनी दिग्दर्शित केलेला ‘जोहार मायबाप’ १९५० साली प्रदर्शित झाला आणि त्याच्या नटसंचात पु. ल. देशपांडे होते.

चोखोबांचे चरित्र हे तर एकट्या नायकाचे चरित्रच नव्हे. त्यांची पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि पुत्र कर्ममेळा हे सारे अभंगरचना करणारे. जगाच्या साहित्यात असे कुटुंब क्वचितच सापडेल. ज्यांनी नायकाच्या मागे मुकाट्याने उभे राहावे अशी अपेक्षा, त्या प्रत्येकाला स्वत:चा आवाज आहे आणि तो आवाज नेहमीच नमता आहे असे नाही. सोयराबाईंना आपले प्रश्न आहेत, कर्ममेळ्याला आपली तक्रार आहे. चित्रपटाच्या भाषेत बोलावयाचे तर येथे सहकलाकार कोणीच नाही, किंवा सारेच सहकलाकार आहेत आणि नायक विटेवर उभा आहे.

चोखोबांचा शेवटही या गावाच्या कुसवाशी बांधलेला आहे. १३३८ साली मंगळवेढ्याच्या गावकुसाचे बांधकाम चालू असता ते ढासळले आणि त्याखाली काम करणारे मजूर गाडले गेले. चोखोबा त्यांतलेच एक. नामदेव मंगळवेढ्यास आले आणि ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी आला त्या चोखोबांच्या, असे ओळखून त्यांनी त्या पंढरीस नेल्या, अशी कथा आहे. कथेतील चमत्कार क्षणभर बाजूला ठेवला तरी एक प्रश्न उरतो. त्या भिंतीखाली चोखोबांबरोबर आणखी जे मजूर गेले त्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत. इतिहासाची श्रेयनामावली फार छोटी असते.

कंपनी मोडली, चेहरे पांगले

‘प्रभात’चा संसार फार काळ टिकला नाही. व्ही. शांताराम १९४२ मध्ये कंपनीतून बाहेर पडले. १९४५ साली विष्णुपंत दामले गेले. १९५३ पर्यंत कंपनीचा कारभार आटोपला. ज्या पटांगणात इंद्रायणीचा घाट आणि आळंदीची गल्ली उभी राहिली होती तेथे १९६० साली भारत सरकारची चित्रपट शिक्षणसंस्था सुरू झाली. पगारी मंडळींची पद्धत मोडताच तेच ते चेहरे पुन:पुन्हा एकत्र दिसण्याचे मूळ कारणही नाहीसे झाले.

तरीही प्रथा पूर्णपणे लोपली नाही. ती निराळ्या रूपाने चालू राहिली. पन्नास-साठच्या दशकांत मराठी चित्रपटाचा व्याप लहान होता, पैसा थोडा होता आणि हुकमी नटांची संख्याही मर्यादित होती. त्यामुळे राजा गोसावी आणि शरद तळवलकर यांच्यासारखी जोडगोळी पुन:पुन्हा एकत्र आली आणि लोकांनी तिच्यावर घरच्या माणसांसारखे प्रेम केले. हंसा वाडकर यांचा प्रवासही याच काळात एका मोठ्या वळणाने गेला. ज्या सखू म्हणून सासूचा मार खात होत्या त्याच ‘लोकशाहीर रामजोशी’ आणि ‘सांगत्ये ऐका’मध्ये तमाशाच्या फडावर उभ्या राहिल्या. सखूची साडी आणि फडावरची नऊवारी यांत प्रेक्षकाला विरोध भासला नाही. गणिकेच्या घरी जन्मलेल्या कान्होपात्रेला ज्या भूमीने संत मानले त्या भूमीतला हा प्रेक्षक होता.

या परंपरेचा शेवटचा मोठा मुक्काम म्हणजे १९८८ साली रमाकांत कवठेकर यांनी दिग्दर्शित केलेला ‘पंढरीची वारी’. आषाढीच्या सुमारास दूरदर्शनच्या पडद्यावर तो असंख्य घरांनी वर्षानुवर्षे पाहिला. जयश्री गडकर, बाळ धुरी, अशोक सराफ, राजा गोसावी, राघवेंद्र कडकोळ अशी त्यातील मंडळी. जयश्रीबाई एकेकाळी मराठी पडद्यावरच्या आघाडीच्या नायिका. राजा गोसावी १९५२ सालच्या ‘लाखाची गोष्ट’चे नायक. येथे ते सारे वारीतले वाटसरू म्हणून येतात. जयश्रीबाई आणि बाळ धुरी हे प्रत्यक्ष जीवनातही पती-पत्नी, आणि त्याच सुमारास दूरचित्रवाणीवरच्या ‘रामायण’ मालिकेत कौसल्या आणि दशरथ म्हणून हे दांपत्य साऱ्या देशाच्या परिचयाचे झालेले. अयोध्येचे राजाराणी पायी पंढरीला निघाले, असेच एखाद्या भाविक प्रेक्षकाला वाटले असेल.

त्या चित्रपटात देव कोठे आहे? तो एक लहानगा, मुका पोर होऊन दिंडीबरोबर चालतो. त्याला संवाद नाहीत. मोठ्या नटांच्या गर्दीत तो कडेकडेने वावरतो, लागेल तेथे हात देतो आणि काम झाले की दिसेनासा होतो. बेदरच्या दरबारात घोंगडी पांघरून आलेला तो विठूच येथे लहान होऊन आला, असे म्हटले तर वावगे होणार नाही. कथा सांगणाऱ्यांनी साधने बदलली. देवाला द्यावयाची भूमिका मात्र बदलली नाही.

पावती कोणाच्या नावे?

२००३ सालच्या जानेवारी महिन्यात पुण्याच्या चित्रपट शिक्षणसंस्थेच्या आवारातील जुन्या नायट्रेट फितींच्या कोठीला आग लागली आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने तेथे जतन केलेल्या अनेक मूळ फिती जळून गेल्या. ‘प्रभात’च्या काही चित्रपटांच्या मूळ फितीही त्यांत होत्या. प्रतींवरून चित्रपट वाचले, हे आपले भाग्य. परंतु फीत वाचणे आणि माणूस स्मरणात राहणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नायकांची चरित्रे लिहिली गेली, त्यांच्या जन्मतिथी साजऱ्या होतात. गौरींविषयी, भागवतांविषयी, शांता मजुमदारांविषयी मात्र चार ओळींपलीकडे लिहिलेले क्वचितच आढळते. नुसते ‘गौरी’, नुसते ‘भागवत’, एवढीच त्यांची ओळख श्रेयनामावलीत उरली आहे. आडनावाला नाव नाही, नावाला आडनाव नाही.

ही उपेक्षा कोणी हेतुपुरस्सर केली असे म्हणता येणार नाही. ती भूमिकेच्या स्वरूपातच आहे. चरित्र-अभिनेता जितका चांगला तितका तो आपल्या पात्रात विरघळतो आणि पात्र जितके खरे तितके पाहणारा नटाला विसरतो. जिजाई लक्षात राहिली म्हणजेच गौरी विसरल्या गेल्या. हा त्यांच्या कलेचा विजय आहे आणि त्याची किंमतही. ती किंमत त्यांनी मोजली. निदान पावती तरी त्यांच्या नावे फाडली जावी. आज संध्याकाळी उपासाची पंगत आटोपल्यावर एखाद्या घरी ‘संत तुकाराम’ लागला, तर आरंभीची नावे येताना वडीलधाऱ्यांनी ती मुलांना मोठ्याने वाचून दाखवावीत. एवढ्याने ऋण फिटणार नाही, पण निदान खाते तरी उघडेल.

पंढरीच्या महाद्वारी नामदेवांची पायरी आहे आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी. मंदिराच्या आवारात कान्होपात्रेचे तरटीचे झाड. मंगळवेढ्याच्या तीन संतांपैकी दोघांना पंढरीत जागा मिळाली ती अशी, एकाला उंबऱ्याबाहेर आणि एकीला अंगणात. गाभाऱ्यात कोणीच नाही. तरीही वारकरी सरळ आत जात नाही. तो पायरीवर पाऊल ठेवीत नाही, आधी तेथे माथा टेकतो, चोखोबांना हात जोडतो आणि मगच सावळ्या मूर्तीच्या दर्शनाला निघतो. पायरीला नमस्कार आधी आणि विटेला नंतर, हा क्रम त्याला कोणी शिकवावा लागत नाही.